एचडी डीव्हीडी विरुद्ध ब्लू-रे: सगळं भांडण अर्ध्या मिलिमीटरचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की एचडी सिनेमांच्या डिस्कचे दोन फॉरमॅट भिडले त्यात तोशिबाचं एचडी डीव्हीडी सोनीच्या ब्लू-रेच्या आधी बाजारात आलं, स्वस्त होतं, रीजन कोडची (ठरावीक देशांची डिस्क तिथल्याच प्लेअरवर चालण्याच्या बंधनाची) भानगड नव्हती, चित्र तेवढंच भारी, तरी दोन वर्षांत त्याचा खेळ खल्लास कसा झाला, सोनीने पैसे चारून स्टुडिओ फोडले म्हणूनच ना? आणि दुसरा प्रश्न, अमेरिकेतल्या काकांकडे तोशिबाचा जुना एचडी डीव्हीडी प्लेअर पडून आहे तो मागवावा का. दुसऱ्याचं उत्तर शेवटी देतो, पहिल्याला जरा वेळ लागेल. मी डीव्हीडी ऑथरिंगपासून या लाइनीत आहे, मेनू बनवायचे, बिटरेट बसवायचा, चेक डिस्क वेगवेगळ्या प्लेअरवर लावून कुठे अडकते ते बघायचं, पुढे ब्लू-रेचं काम केलं आणि आता लोकांच्या घरी होम थिएटर बसवून देतो. पैसे चारले वगैरे चर्चा मी तेव्हापासून ऐकतोय, त्यात तथ्य नाही असं नाही, पण मूळ गोष्ट तिथे नाहीये. मूळ गोष्ट डिस्कच्या आत आहे आणि ती अर्ध्या मिलिमीटरची आहे.

घरी एक जुनी सीडी, एक डीव्हीडी आणि एक ब्लू-रे असेल तर आत्ताच करून बघा. बॉलपेनचं टोक चमकत्या बाजूवर अगदी हलकेच टेकवा (रिफिल आत ओढून, ओरखडा पाडू नका) आणि बाजूने तिरकं बघा. सीडीवर पेनाचं टोक आणि त्याचं प्रतिबिंब यांच्यात चांगलीच फट दिसेल, कारण डेटाचा चमकता थर पृष्ठभागापासून १.२ मिलिमीटर खोल आहे. डीव्हीडीवर ती फट निम्मी होते, तिथे थर ०.६ मिलिमीटरवर असतो, ०.६ च्या दोन चकत्या चिकटवून ती डिस्क बनते. आणि ब्लू-रेवर टोक आणि प्रतिबिंब जवळजवळ एकमेकांना टेकलेले दिसतात, कारण तिथे वर फक्त ०.१ मिलिमीटरचं आवरण आहे. एचडी डीव्हीडी हातात आली तर ती मात्र हुबेहूब डीव्हीडीसारखी दिसेल, ०.६ वर थर. झालं, दोन्ही फॉरमॅटमधला खरा फरक हाच, बाकी सगळं यातून निघालं.

कसं ते सांगतो. दोन्हीत लेसर एकच, ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. हा लेसर शक्य झाला तो जपानमध्ये निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी ९०च्या दशकात गॅलियम नायट्राइडवर जे काम केलं त्यामुळे, पुढे निळ्या एलईडीसाठी २०१४ चं नोबेलही मिळालं त्यांना, आकासाकी आणि आमानो यांच्यासोबत. डीव्हीडीचा लाल लेसर ६५० नॅनोमीटरचा. डिस्क वाचणाऱ्या लेसरचा ठिपका जेवढा बारीक तेवढा डेटा जास्त मावतो. आता तो किती बारीक होणार हे दोन गोष्टींवर ठरतं, तरंगलांबी आणि लेन्सचं न्यूमरिकल अपर्चर, म्हणजे लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करून एका बिंदूवर आणते ते. तरंगलांबीला अपर्चरने भागा. डीव्हीडी, ६५० भागिले ०.६, साधारण १०८३. एचडी डीव्हीडी, ४०५ भागिले ०.६५, साधारण ६२३. ब्लू-रे, ४०५ भागिले ०.८५, साधारण ४७६. ठिपक्याचं क्षेत्रफळ वर्गाने बदलतं, म्हणजे ६२३ चा वर्ग भागिले ४७६ चा वर्ग, येतात १.७ च्या आसपास. आणि प्रत्यक्षात एका थरावर एचडी डीव्हीडीत १५ जीबी मावायचे आणि ब्लू-रेत २५, गुणोत्तर १.६७. मला हे गणित फार आवडतं, कारण मार्केटिंगचा एवढा धुरळा उडाला त्यात हा एक आकडा सरळ लेन्समधून येतो.

मग तोशिबाने ०.८५ ची लेन्स का नाही घेतली? कारण डिस्क फिरताना कधीच शंभर टक्के सपाट नसते, जरा तरी डुलते, आणि तिरक्या प्लॅस्टिकमधून प्रकाश गेला की ठिपका फाकतो. बादलीच्या तळाचं नाणं वरून सरळ बघितलं तर जागेवर दिसतं पण तिरकं बघितलं की सरकल्यासारखं वाटतं, तसंच. ही चूक आवरणाच्या जाडीबरोबर वाढतेच, पण अपर्चरच्या घनाने वाढते, म्हणजे ०.६५ वरून ०.८५ वर गेलात तर त्याच जाडीला सव्वादोनपट. ०.६ मिलिमीटर जाडी ठेवून ०.८५ ची लेन्स लावणं घरगुती प्लेअरच्या किमतीत परवडणारंच नव्हतं. तेव्हा दोनच रस्ते होते. एक, जाडी ०.१ वर आणायची आणि नवे कारखाने उभे करायचे. दोन, डीव्हीडीची जाडी तशीच ठेवून थोडी कमी जागा पत्करायची. सोनी, पॅनासोनिक, फिलिप्स मंडळींनी पहिला धरला, तोशिबा आणि एनईसीने दुसरा.

आणि तोशिबाचा रस्ता वेडेपणाचा अजिबात नव्हता, हे मी ठामपणे सांगतो, कारण आज जिंकलेल्याचं सगळं बरोबर आणि हरलेल्याचं सगळं चूक असं लिहिलं जातं. डीव्हीडी छापणारे कारखाने जगभर पसरलेले होते, तीच लाइन थोड्या खर्चात एचडी डीव्हीडीवर नेता येत होती. ब्लू-रेला १.१ मिलिमीटरची चकती ओतून तिच्यावर ०.१ चा एकसारखा थर द्यायचा, तो स्पिन कोटिंगने (चकती फिरवून वर द्रव पसरवून) द्या नाहीतर पातळ शीट चिकटवून द्या, जाडी सगळीकडे सारखी हवी, शिवाय डेटा एवढा वर आला की साध्या ओरखड्यानेही डिस्क मेली. सुरुवातीच्या ब्लू-रे डिस्क म्हणूनच चक्क प्लॅस्टिकच्या कार्ट्रिजमध्ये यायच्या, सोनीचा २००३ चा जपानमधला रेकॉर्डर तसलीच डिस्क घ्यायचा. टीडीकेने कडक कोटिंग काढलं तेव्हा कुठे कार्ट्रिज गेलं. हे कोटिंग जमलं नसतं तर ब्लू-रे लोकांच्या हातात टिकलंच नसतं असं माझं मत आहे, आणि या गोष्टीबद्दल फार कमी बोललं जातं.

यात जुनं राजकारणही होतं. १९९५ ला डीव्हीडीच्या वेळी असाच पेच पडला होता, एकीकडे सोनी-फिलिप्सची एमएमसीडी आणि दुसरीकडे तोशिबा-टाइम वॉर्नरची एसडी. आयबीएम आणि इतर कॉम्प्युटर कंपन्यांनी दम भरला की दोन फॉरमॅट चालणार नाहीत, मग तडजोड झाली आणि जे डीव्हीडी जन्माला आलं त्यात तोशिबाच्या बाजूचा वाटा मोठा होता. म्हणजे पुढची सगळी वर्षं रॉयल्टीतही त्यांचा वाटा मोठा. सोनीच्या मनात त्याआधीचं, व्हिडिओ कॅसेटच्या लढाईत हरलेलं बीटामॅक्सही असणारच. फेब्रुवारी २००२ मध्ये नऊ कंपन्यांनी ब्लू-रेची घोषणा केली ती डीव्हीडी फोरमच्या (डीव्हीडीचे नियम ठरवणाऱ्या कंपन्यांच्या गटाच्या) बाहेर, आणि तोशिबाने आपला प्रस्ताव फोरममध्ये नेऊन पास करून घेतला, नावातही डीव्हीडी ठेवलं. २००५ मध्ये दोघं एकत्र बसले होते, एकच फॉरमॅट करूया म्हणून बोलणी झाली, पण ०.१ की ०.६ यात मधला आकडा निघू शकत नाही ना. सॉफ्टवेअर एकाचं आणि डिस्क दुसऱ्याची असं करता आलं असतं, पण ज्याची डिस्क त्याचे कारखाने आणि त्याचे पेटंट, तिथे गाडी अडली ती अडलीच.

आता बाजारात काय झालं. एप्रिल २००६ मध्ये अमेरिकेत तोशिबाचा एचडी-ए१ आला, ४९९ डॉलर. आत चक्क पेन्टियम ४ होता, म्हणजे प्लेअरच्या डब्यातला पीसीच, चालू करून डिस्क वाचेपर्यंत मिनिटभर जायचा, पण चित्र एक नंबर. बाहेरच्या विश्लेषकांनी तो खोलून पार्ट्सचा हिशेब केला तर खर्च विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त निघाला, म्हणजे तोशिबा प्रत्येक प्लेअरमागे तोटा खात होती. जूनमध्ये सॅमसंगचा पहिला ब्लू-रे आला ९९९ डॉलरला, दुप्पट किंमत, आणि चित्र मऊ मऊ, नॉइज रिडक्शनची सेटिंग चुकीची होती त्यात. वर पहिल्या ब्लू-रे डिस्क एका थराच्या २५ जीबी आणि त्यात जुना एमपेग-२ कोडेक (व्हिडिओ दाबून बसवायची पद्धत), तर समोर एचडी डीव्हीडीवर दोन थरांचे ३० जीबी आणि मायक्रोसॉफ्टचा व्हीसी-१. म्हणजे ज्याच्याकडे जागा जास्त म्हणून गाजावाजा होता त्याच्याच डिस्कवर सुरुवातीला जागा कमी होती! दोन थरांच्या ५० जीबी डिस्क ऑक्टोबर २००६ नंतर हळूहळू यायला लागल्या. त्या वर्षी कुणी मला विचारलं असतं तर मीही एचडी डीव्हीडीकडेच बोट दाखवलं असतं, चित्र बघून.

ऑथरिंगवाल्यांच्या नजरेने बोलायचं तर एचडी डीव्हीडी फार नीटनेटकं होतं. एचडीआय म्हणून जी इंटरॅक्टिव्ह सिस्टीम होती ती एक्सएमएल आणि जावास्क्रिप्टवर चालायची, वेबचं काम येणाऱ्या माणसाला लगेच हात बसायचा. प्रत्येक प्लेअरला इथरनेट पोर्ट, दुसरा व्हिडिओ डिकोडर आणि मेमरी सक्तीची, म्हणजे सिनेमा चालू असताना कोपऱ्यात दिग्दर्शक बोलतोय हे पहिल्या प्लेअरवरही चालणार. ब्लू-रेने मात्र प्रोफाइल १.०, मग १.१, मग २.० असं टप्प्याटप्प्याने आणलं, ज्याने पहिला महागडा प्लेअर घेतला त्याला नंतरचे फीचर्स मिळाले नाहीत, ही लोकांची सरळ फसगत होती. आणि बीडी-जे म्हणजे पूर्ण जावा प्रोग्रॅमिंग, मेनू करायला प्रोग्रॅमर ठेवा, आणि एका प्लेअरवर मस्त चालणारा मेनू दुसऱ्यावर कासवाच्या गतीने. एक काम तर असं आठवतंय की सिनेमाचं सगळं पास झालं आणि फक्त मेनूतलं हायलाइट एका कंपनीच्या प्लेअरवर उशिरा हलतंय म्हणून रात्रभर बसलो होतो.

तर मग एवढं असून हरलं कसं. इथे सोनीचा गेम कन्सोल प्लेस्टेशन ३ (पीएस३) येतो. नोव्हेंबर २००६, ४९९ आणि ५९९ डॉलर, आणि प्रत्येकात ब्लू-रे ड्राइव्ह. सोनीला हे जड गेलं, निळ्या लेसर डायोडची इतकी टंचाई होती की युरोपातलं लॉंच मार्च २००७ वर ढकलावं लागलं. पण एकदा गाडी सुरू झाल्यावर ज्यांना ब्लू-रेशी काही देणंघेणं नव्हतं त्यांच्याही टीव्हीखाली ब्लू-रे प्लेअर येऊन बसला. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी एचडी डीव्हीडी ड्राइव्ह काढला पण वेगळा, १९९ डॉलर वर मोजून, आणि वेगळं विकत घ्यायची वस्तू फक्त हौशी माणूसच घेतो. शेवटाला जगभरात एचडी डीव्हीडीचे प्लेअर आणि ड्राइव्ह मिळून दहा लाखांच्या आसपास होते, आणि एकटा पीएस३ तोवर एक कोटीच्या घरात पोहोचला होता. पीएस३ वाले सगळे काही सिनेमे विकत घेत नव्हते, तरी २००७ भर अमेरिकेत ब्लू-रे डिस्क एचडी डीव्हीडीच्या साधारण दुप्पट खपत राहिल्या.

यातही तो अर्धा मिलिमीटर आहे बरं का. एचडी डीव्हीडीचा सगळा दावा होता स्वस्ताईवर. पण प्लेअर बनवणारी मोठी कंपनी खऱ्या अर्थाने एकटी तोशिबा, बाकी लेबलं बदलून तेच. तोटा खाऊन किंमत पाडायची तर ती एकट्याने पाडायची. नोव्हेंबर २००७ मध्ये वॉलमार्टमध्ये एचडी-ए२ ९८ डॉलर ८७ सेंटला मिळाला, लोकांनी रांगा लावून नेला, आणि नेमक्या त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही कंपनीला एचडी डीव्हीडी प्लेअर बनवण्यात रसच उरला नाही, कारण ९९ डॉलरच्या प्लेअरशी स्पर्धा करून मिळणार काय? उलट ब्लू-रेच्या बाजूला पॅनासोनिक, पायोनिअर, शार्प, सॅमसंग, फिलिप्स, प्रत्येकाला नवीन महाग वस्तू विकून दोन पैसे दिसत होते. नव्या कारखान्यांत पैसे घातलेले असल्यामुळे माघार घेणंही कुणाला परवडत नव्हतं. सुरुवातीला महाग वाटलेला रस्ता होता म्हणूनच त्या बाजूला माणसं जास्त जमली, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं.

स्टुडिओंचं सांगतो, कारण तुमचा संशय तिथेच आहे. सोनीचा स्वतःचा स्टुडिओ, डिस्ने, फॉक्स ब्लू-रेकडे. युनिव्हर्सल फक्त एचडी डीव्हीडी. वॉर्नर आणि पॅरामाउंट दोन्ही काढायचे. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशन एकदम फक्त एचडी डीव्हीडीवर गेले, आणि त्या वेळी अमेरिकन पेपरांत छापून आलं की दोघांना मिळून १५ कोटी डॉलरच्या घरात पैसे आणि सवलती मिळाल्या. म्हणजे पैशाचा खेळ दोन्ही बाजूंनी होता, एकट्या सोनीच्या माथी मारू नका. फॉक्स ब्लू-रेकडे का गेला याचं कारण मात्र वेगळं, कॉपी प्रोटेक्शन. दोन्हीत एएसीएस नावाचं कॉपी रोखणारं कुलूप होतं, पण ब्लू-रेवर बीडी प्लस नावाचं आणखी एक कुलूप होतं आणि रीजन कोडही. मे २००७ मध्ये एएसीएसची एक चावी इंटरनेटभर पसरली, तेव्हा ज्यांना दुसरं कुलूप हवं होतं त्यांचा हट्ट आणखी पक्का झाला. गिऱ्हाईक म्हणून आपल्याला जे एचडी डीव्हीडीत चांगलं वाटतं, रीजन नाही, कुलपं कमी, तेच स्टुडिओला नको होतं, आणि सिनेमे स्टुडिओकडे होते.

वॉर्नरचं खरं दुखणं असं की दोन फॉरमॅट म्हणजे दोन वेळा ऑथरिंग, दोन साठे, दुकानात दोन रकाने, आणि गिऱ्हाईक म्हणतंय भांडण मिटेपर्यंत मी थांबतो. जानेवारी २००७ ला त्यांनी एका बाजूला ब्लू-रे आणि दुसऱ्या बाजूला एचडी डीव्हीडी अशी टोटल एचडी नावाची डिस्क दाखवली होती, ती आलीच नाही. एलजीने दोन्ही चालणारा प्लेअर काढला, ११९९ डॉलर, घेणार कोण. मधल्या काळात जून २००७ ला ब्लॉकबस्टरने बहुतेक दुकानांत फक्त ब्लू-रे ठेवायचं ठरवलं. तोटा खाऊन पाडलेल्या किमतींनीही नाताळात पारडं फिरलं नाही, आणि ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने जाहीर केलं की मे अखेरनंतर फक्त ब्लू-रे. लास वेगासचं सीईएस प्रदर्शन तोंडावर होतं, एचडी डीव्हीडी गटाने आपली पत्रकार परिषदच रद्द केली. ज्या वॉर्नरबरोबर तोशिबाने डीव्हीडी उभं केलं होतं त्यानेच दार लावलं, याचं मला आजही वाईट वाटतं. पैसे घेतल्याच्या वावड्या इथेही उठल्या, वॉर्नरने त्या नाकारल्या. पुढे नेटफ्लिक्स, बेस्ट बाय, वॉलमार्ट एकाच आठवड्यात सरकले आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाचे अध्यक्ष नीशिदा यांनी बंद करत असल्याचं सांगितलं. सहा आठवडे. २००९ मध्ये तोशिबाने स्वतः ब्लू-रे असोसिएशनमध्ये नाव घातलं.

आपल्याकडे या लढाईची झळ फारशी पोहोचलीच नाही, कारण त्याच २००७ मध्ये मोझर बेअर ही भारतीय डिस्क कंपनी २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकत होती आणि बहुतेक घरांत पिक्चर ट्यूबचा टीव्ही होता. पण निकालाचा फटका मात्र आपल्याला बसला असं मी म्हणेन. कारखान्यात छापलेल्या ब्लू-रेला एएसीएस सक्तीचं, म्हणजे लायसन्सची फी भराच, मग तुम्हाला कुलूप हवं असो वा नसो. एचडी डीव्हीडीत ते ऐच्छिक होतं, शिवाय साध्या डीव्हीडीवर एचडी सिनेमा बसवायची सोय त्यांच्या स्पेसिफिकेशनमध्येच होती. हजार-दोन हजार प्रती काढणाऱ्या प्रादेशिक प्रकाशकाला, मराठी नाटकाचं किंवा शास्त्रीय मैफलीचं रेकॉर्डिंग काढणाऱ्याला, हा फरक फार मोठा होता. छोट्या प्रतींसाठी ब्लू-रेचं कोटेशन लायसन्ससकट समोर ठेवलं की माणूस परत डीव्हीडीवर यायचा, हे मी कामात पुन्हा पुन्हा पाहिलंय. चांगलं शूट केलेलं कितीतरी मराठी साहित्य त्यामुळे साध्या डीव्हीडीच्या ७२० बाय ५७६ पिक्सेलमध्ये अडकून राहिलं, मास्टर टेप जपल्या असतील तरच सुटका. चीनने मात्र हुशारीने एचडी डीव्हीडीच्या तंत्रावर स्वतःची सीबीएचडी डिस्क काढली, जुन्याच लाइनींवर.

तरी तंत्र म्हणून ०.१ चा निर्णय बरोबर ठरला हे मान्य करायला हवं. तोशिबाने तीन थरांची ५१ जीबीची डिस्क मंजूर करून घेतली होती पण ती दुकानात कधी आली नाही. ब्लू-रेची तीच लेन्स, तोच लेसर, तेच ०.१ चं आवरण घेऊन २०१६ मध्ये ४के यूएचडी ब्लू-रे आलं, दोन थरांत ६६ जीबी आणि तीन थरांत १००. ०.६ वर राहिलो असतो तर ४के साठी पुन्हा सगळं नवीन करावं लागलं असतं, आणि तोवर स्ट्रीमिंग आलेलं असल्यामुळे कुणी केलंच नसतं.

आता काकांच्या प्लेअरबद्दल. एक, तो १२० व्होल्टचा असणार, मागच्या पट्टीवर वाचा, आपल्या २३० वर सरळ लावला तर पॉवर सप्लाय गेलाच, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. दोन, एचडी डीव्हीडी डिस्क आता म्हाताऱ्या झाल्यात, खासकरून काही दोन थरांच्या डिस्कचे थर आतून खराब होऊन मध्येच अडकतात, संग्राहकांमध्ये हे सगळीकडे ऐकू येतं, त्यामुळे डिस्क घेताना न चालवता पैसे देऊ नका. रीजनचा प्रश्न नाही, एचडी डीव्हीडीला तो नव्हताच, पण तोच प्लेअर साध्या डीव्हीडीला मात्र रीजन १ मागेल, आपल्या रीजन ५ च्या डीव्हीडी घेईलच असं नाही. याउलट काका अमेरिकेतून ब्लू-रे प्लेअर पाठवणार असतील तर लक्षात ठेवा, तिकडचा रीजन ए आणि आपला सी, सी लॉक असलेली इथली डिस्क त्यावर चालणार नाही. ४के डिस्कना रीजनच नाही. फक्त तोशिबाच हवा असेल आणि सोबत डिस्क येणार असतील तर मी म्हणेन मागवा, आणि जमल्यास एक्सबॉक्सचा तो यूएसबी ड्राइव्हही शोधा, तो पीसीला जोडता येतो, म्हणजे चालत्या डिस्क आत्ताच हार्ड डिस्कवर उतरवून ठेवता येतील. पार्सल करताना प्लेअर आडवाच पॅक करायला सांगा, आत डिस्क विसरलेली नाही ना ते बघून.